रिकाम्या हंड्यांची बातमी

आमच्या घरात बातम्या नुसत्या ऐकत नसत, त्यांच्याशी भांडत असत. संध्याकाळी रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागल्या की बाबा ताट पुढ्यात ओढायचे आणि निवेदकाच्या एकेका वाक्याला उत्तर द्यायचे. निवेदक शांतपणे पुढच्या बातमीकडे जायचा, बाबा मात्र मागच्याच बातमीवर अडलेले असायचे. कुळथाची पिठी आणि भात, सोबत चुलीवर भाजलेला सुका बांगडा, आणि मधूनच बाबांचा आवाज, "खोटा बोलतासत मेले!" आई म्हणायची, "भात निवता हा, आदी जेवा. तो काय तुमचा ऐकता काय?" बाबा परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली, मग ते मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. संपाबद्दल ते फार बोलत नसत. फक्त एकच गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. त्या काळात पेपरात गिरण्यांचं नुकसान किती झालं ते रोज छापून यायचं. "नुकसान छापल्यानी, ता खरा," बाबा म्हणायचे, "पण आमी काय मागी होतंव, ता खंय गेला?" मी शाळेत होते तेव्हा मला हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांची सवय वाटायचा. तोच प्रश्न पुढे माझ्या पोटापाण्याचा धंदा होणार आहे, हे मला कुठून कळणार?

आमची खोली घाटकोपरच्या डोंगरावर, अगदी वरच्या रांगेत. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर आमचे पत्रे एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभे असल्यासारखे दिसत. घरात सतत कसला ना कसला आवाज असायचा. पत्र्यावर कावळे, शेजारच्या शेवंतामावशीच्या खोलीत शिलाई मशीन, पायऱ्यांवरून घसरत जाणारे प्लास्टिकचे कॅन, आणि या सगळ्यावर ताण म्हणजे आईचं बोलणं. आई खाली एका गुजराती बाईंच्या घरगुती कारखान्यात खाकरे भाजायला जायची. घरी आली की तिच्या पदराला मेथीचा आणि भाजलेल्या पिठाचा वास असायचा. तुटलेले खाकरे ती पिशवीतून आणायची. आम्ही ते चहात बुडवून खायचो, बाबा कांदा आणि लाल तिखट घालून खायचे. आई शिकलेली चौथीपर्यंत, पण बोलायला लागली की अख्खी गल्ली ऐकायची. तिला हळू बोलता येत नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते त्या आवाजामुळेच झालं.

बी. ए. झाल्यावर मला अंधेरीला नोकरी लागली. एक छोटी कंपनी केबलसाठी मराठी बातमीपत्र तयार करायची. अर्धा तास बातम्या, त्यात पाच-सात मिनिटं परदेशातल्या. परदेशी वृत्तसंस्थांकडून चित्रफिती यायच्या, त्यांच्यासोबत इंग्रजी मजकुराचे कागद, आणि त्याचं मराठी करायचं काम माझं. ऑफिस एका औद्योगिक गाळ्यात होतं. खालच्या मजल्यावर बटणं बनायची, वर बातम्या. आमच्या प्रमुख रेगेबाई. वर्तमानपत्रात अनेक वर्षं काढून आलेल्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हातात सदैव चहाचा ग्लास. चुकीचं वाक्य दिसलं की त्या कागद वर उचलून धरायच्या, जणू त्याला वास येतोय. पहिल्या महिन्यात माझे बहुतेक कागद असे वर उचलले गेले.

त्या टेबलावर मला एक गंमत कळायला लागली. जगात कुठे ना कुठे रोज माणसं रस्त्यावर उतरलेली असायची. कुठे विद्यार्थी, कुठे खाणीतले कामगार, कुठे पेन्शनवाले म्हातारे. आणि एकाच मोर्चाचे दोन देशांतून दोन कागद आले तर ते दोन वेगळे मोर्चे वाटायचे. एका कागदावर 'नागरिक', दुसऱ्यावर 'जमाव'. एकाकडे 'पोलिसांनी लाठ्या चालवल्या', दुसऱ्याकडे 'परिस्थिती आटोक्यात आणली'. आणि ज्या देशात ते घडलं तिथल्या सरकारी वाहिनीचा मजकूर आला तर त्यात 'मूठभर समाजकंटक'. ही मूठ चित्रात रस्ता भरून वाहत असायची. मी रेगेबाईंना विचारलं, "बाई, यातलं खरं कुठलं धरायचं?" त्या म्हणाल्या, "बातमी कुणाच्या दारात घडली ते बघ. दुसऱ्याच्या दारातल्या भांडणात आपल्याला नेहमी न्याय दिसतो. आपल्या दारात झालं की नुसता गोंगाट." त्या हे सहज बोलल्या, ग्लास उचलून निघूनही गेल्या. मला ते तेव्हा फारसं कळलं नाही.

आता मुलुंडच्या माझ्या खोलीत बसून हे लिहिताना माझा फोन वाजतो आणि भाची कुठल्यातरी देशातल्या मोर्चाचा व्हिडिओ पाठवते. खाली लिहिते, 'मावशी, हे खरंय ना?' चित्रफिती आता कुणालाही पाठवता येतात, वृत्तसंस्था लागत नाही. कॅमेरा कुठे उभा होता हा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे.

त्या उन्हाळ्यात डोंगरावरचा पाण्याचा पंप बंद पडला. खालच्या रांगांना थोडंफार पाणी येई, वरच्या रांगांचे नळ नुसती हवा सोडत. आधी चार दिवसांत होईल म्हणाले, मग पुढच्या आठवड्यात, मग ज्या कंत्राटदाराकडे दुरुस्ती होती तो सामान आलं नाही म्हणू लागला. आम्ही खालून पाणी आणायचो. पायऱ्या उंच, आणि भरलेला हंडा डोक्यावर असला की त्या आणखी उंच होतात. शेवंतामावशी एकदा अर्ध्या वाटेवर पडली. हाताचं हाड मोडलं, मशीन बंद झालं. तिच्या हाताला प्लास्टर घालून आणलं त्या दिवशी आई आमच्या दारात उभी राहिली आणि आपल्या त्या आवाजात म्हणाली, "सोमवारी सगळ्यांनी हंडे घ्यायचे. रिकामे. रस्त्यावर बसायचं." गल्लीत चार ठिकाणची माणसं, त्यामुळे जाहीर काही सांगायचं असलं की ती मालवणी सोडून सरळ मराठीत बोलायची. कुणी विचारलं, पोलिसांनी उचललं तर? आई म्हणाली, "उचलू देत. चौकीत नळ असेलच."

सोमवारी सकाळी मी तिच्यासोबत जायला निघाले. तिनं मला दारातच थांबवलं.

"तू खंय?"

"मी पण येते ना. एक दिवस सुट्टी टाकते."

"गप कामार जा. नवी नोकरी असा. मोर्चाक माणसां कमी पडूची नाय."

"आई, अगं पण—"

"सुनीता, जा म्हटला मां." आणि माझ्या हातात डबा दिला. बाबा ड्युटीवरून नुकतेच आले होते. त्यांनी कोपऱ्यातला मोठा हंडा उचलला, खांद्यावर घेतला आणि बायकांच्या मागून चालू लागले. मोर्चात पुरुष तसे थोडेच होते. मी वरून पाहत राहिले. पितळेचे, स्टीलचे, प्लास्टिकचे हंडे पायऱ्यांवरून उतरत होते आणि त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता.

ऑफिसात पोचले तर टेबलावर एक कागद माझी वाट पाहत होता. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाची राजधानी. महागाईनं गांजलेल्या बायका स्वयंपाकघरातली भांडी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. पातेली, झारे, तवे, हातात येईल ते बडवत होत्या. चित्रफीत सुंदर होती. कॅमेरा त्यांच्या मधोमध फिरत होता, एकेकीच्या चेहऱ्याजवळ थांबत होता. एक म्हातारी झाकणावर चमचा मारत हसत होती आणि रडतही होती. मी मन लावून लिहिलं. 'पातेल्यांचा आवाज राजवाड्यापर्यंत', 'सामान्य गृहिणींचं असामान्य धैर्य'. मला माझं लिखाण आवडलं. मनात आईच होती, हे उघड आहे.

दुपारी सलीम आला. सलीम आमचा कॅमेरामन, राहायला गोवंडीला, स्कूटरवर कॅमेऱ्याची बॅग बांधून सगळी मुंबई फिरायचा. त्यानं टेप मशीनमध्ये घातली आणि मी समोरच बसले होते. पडद्यावर रिक्षांची रांग आली. मग बस, बसच्या खिडकीतून वैतागलेली माणसं. हॉर्न. मग एक साहेबी माणूस घड्याळ दाखवत बोलला, की आमचं ऑफिस बुडालं, याला कोण जबाबदार? आणि अगदी शेवटी, लांबून, रिक्षांच्या टपांवरून, रस्त्यात बसलेल्या बायका. माझी आई उभी होती. तिचं तोंड उघडझाप करत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा आवाज ऐकू आला नाही. फक्त हॉर्न ऐकू येत होते.

स्थानिक बातम्या लिहिणाऱ्यानं मजकूर आधीच करून ठेवला होता: 'हंडा मोर्चामुळे वाहतुकीचा खोळंबा, चाकरमान्यांचे हाल.' पंपाचं नाव नाही. डोंगराचं नाव नाही. मी सलीमला म्हटलं, "बायका काय म्हणत होत्या, ते का नाही घेतलं?" तो बिचारा गोंधळला. "मेरे को बोला ट्रॅफिक का शॉट लेके आ, तो लेके आया. क्या हुआ?" त्याचं बरोबर होतं. त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं होतं.

मी जागेवर गेले. पातेल्यांवरचा माझा सुंदर कागद काढला, बाजूला ठेवला आणि नवा लिहिला. 'गृहिणींच्या आंदोलनामुळे राजधानीत वाहतूक ठप्प. नोकरदारांचे अतोनात हाल. सकाळच्या वेळेत काही महिलांनी भांडी वाजवत मुख्य रस्ता अडवल्यानं बसगाड्या खोळंबल्या.' एवढंच. तो घेऊन रेगेबाईंच्या समोर ठेवला.

त्यांनी वाचलं. कागद वर उचलला.

"हे काय लिहिलंयस तू?"

"बातमी, बाई."

"त्या बायका उपाशी आहेत, आणि तू बसगाड्यांचं लिहितेस?"

"आपण घाटकोपरचं जसं लिहिलंय, तसंच मी तिकडचं लिहिलं."

खोलीत टाइपराइटर थांबले. रेगेबाईंनी ग्लास खाली ठेवला. "तिकडे वाहतूक अडल्याचं एजन्सीनं कुठे म्हटलंय?"

"अडली असणारच ना बाई. एवढी माणसं रस्त्यावर म्हटल्यावर कुणाचं तरी ऑफिस बुडालंच असेल. फक्त तिकडे त्यांनी कॅमेरा बायकांमध्ये नेला. इकडे आपण तो रिक्षांमध्ये ठेवला."

मला वाटलं, नोकरी गेली. पण त्या म्हणाल्या, "तू राहतेस कुठे?"

"तिथेच. त्या डोंगरावर. ती जी उभी राहून बोलतेय ना, ती माझी आई."

आता मात्र त्यांचा आवाज कडक झाला. "मग या बातमीला तू हात लावायचा नाहीस. आई आहे म्हणून बातमी लागली असं उद्या कुणी म्हटलं, तर बातमीची किंमत शून्य होईल. कळलं?" मग त्यांनी पर्स उचलली. "सलीम, कॅमेरा घे. चल." सलीम म्हणाला, "आप?" रेगेबाई डेस्क सोडून कधी बाहेर पडत नसत. "हो, मीच. आणि सुनीता, तू ये वाट दाखवायला. तोंड उघडायचं नाही."

त्या पायऱ्या रेगेबाई कशा चढल्या ते मी विसरणार नाही. दोनदा थांबल्या, एकदा भिंतीला टेकल्या, पण वरच्या रांगेपर्यंत आल्या. नळ उघडायला सांगितला. नळानं फस्सकन हवा सोडली, सलीमनं तो आवाज घेतला. मग तो शेवंतामावशीच्या प्लास्टरपाशी गेला. आई नुकतीच चौकीतून परतली होती. पोलिसांनी बायकांना तासभर बसवून सोडून दिलं होतं. माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जणू मी कामावरून पळून आलेय. मग कॅमेरा दिसला. तिनं पदर सारखा केला.

रेगेबाईंनी सवलत दिली नाही. पहिलाच प्रश्न: "तुमच्या मोर्चामुळे लोकांचे हाल झाले. त्याचं काय?"

आई कॅमेऱ्याकडे न बघता बाईंकडे वळली.

"झाले ना," ती म्हणाली. "ते पण दाखवा. एका रिक्षात शाळेची मुलं होती, रडत होती. आम्ही हंडे बाजूला करून त्यांना वाट दिली. बाकीच्यांना नाही दिली. त्यांची मी माफी मागते. पण ताई, त्यांची एक सकाळ गेली, ती टिपायला तुम्ही लगेच आलात. आमच्या किती सकाळी गेल्या, त्या दाखवायला कोण आलं? आज आम्ही रस्ता अडवला म्हणून तुम्ही पायऱ्या चढलात. नसता अडवला तर चढला असतात?"

रेगेबाई सलीमला म्हणाल्या, "हा प्रश्न तसाच ठेवायचा. कापायचा नाही."

परतताना रिक्षात त्यांनी मला माझा कागद परत दिला. "तुझाही कागद चुकलाय," त्या म्हणाल्या. "रागानं लिहिलास. त्या बायका का उतरल्या ते त्यात कुठेय? तू पण तेच केलंस." मी तो पुन्हा लिहिला. भाकरीचे भाव लिहिले, त्या म्हातारीचं झाकण लिहिलं, आणि रस्ते बंद होते हेही लिहिलं. धैर्य-बिर्य काढून टाकलं.

संध्याकाळी बातमीपत्र लागलं तेव्हा मी घरी पोचले होते. आमच्या रांगेत केबल फक्त शेवंतामावशीकडे. खोलीत माणसं मावेनात, दारात, खिडकीत, बाहेरच्या पायरीवर. आधी परदेशातली पातेली आली. कुणीतरी ओरडलं, "अगो बघ, ह्येंचे पण टोप रिकामेच!" हशा झाला. मग आमचा नळ आला, त्याचा फस्स आवाज आला आणि सगळे एकदम गप्प. मग आई. आणि तिच्या चेहऱ्याखाली अक्षरं: 'सुलभा परब, मोर्चाच्या प्रमुख'. आमच्यासारख्यांच्या चेहऱ्याखाली 'स्थानिक रहिवासी' यायचं, तेही आलं तर. बाबा दाराला टेकून उभे होते. निवेदिका बोलत होती आणि त्यांनी एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. बातमी संपली तरी ते पडद्याकडेच पाहत होते.

पंप काही त्या बातमीनं लगेच दुरुस्त झाला नाही. बायकांना आणखी दोनदा खाली बसावं लागलं. पण पुढच्या वेळी इतर पेपरवालेही पायऱ्या चढले, कंत्राटदाराला सामान सापडलं, आणि एका दुपारी वरच्या नळांना पाणी आलं. माझ्या आईनं ते आणलं. हे मी आजही कुणालाही छाती पुढे काढून सांगते. बातमी आम्ही दिली, पाणी तिनं आणलं.

त्यानंतरच्या आठवड्यात आणखी एका देशाची चित्रफीत आली. खाणकामगार रस्त्यावर होते. धूर, ढाली, धावणारी माणसं, पोलिस अधिकाऱ्याची मुलाखत, मंत्र्याची मुलाखत. रेगेबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आम्ही ती टेप पुन्हा पुन्हा पुढे-मागे केली.

"यात कामगार कुठे बोलतच नाही," मी म्हटलं.

"कागदात?"

"कागदातही नाही."

"मग तेच लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. पोलिसांचं म्हणणं, मंत्र्यांचं म्हणणं, आणि शेवटी एक वाक्य: 'आंदोलक कामगारांचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलेल्या चित्रफितीत नाही.' पुढे मी वेगवेगळ्या कचेऱ्यांमध्ये ते वाक्य इतक्या वेळा लिहिलं की तरुण पोरं मला त्यावरून चिडवायची. काही वरिष्ठांनी ते कापलंही. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा वाचलं गेलं.

मी शेवंतामावशीच्या खोलीत आईच्या शेजारी बसले होते. आई तांदूळ निवडत होती, डोळे सुपात. निवेदिकेनं ते वाक्य वाचलं आणि आईचा हात थांबला.

"ह्यां तू लिवलंस?"

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं, ती उठली, दारात गेली, आणि अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पलीकडच्या रांगेला हाक मारली, "अगो, बातम्यो ऐकलास? तां शेवटचा माज्या चेडवान लिवल्यान हा!"